दोन राज्यं आणि एक झिरा

माझं सासर नदीच्या अलीकडं, महाराष्ट्रात. माहेर पलीकडं, कर्नाटकात. एरवी ही सरहद्द कुणाच्या ध्यानातही नसायची. सोयरिकी व्हायच्या, जनावरं इकडची तिकडं चरायची. बाहत्तरच्या दुष्काळात नदी आटली, वाळू उकरून काढलेला एकच झिरा पिण्यापुरता उरला, आणि दोन्ही गावांना एकदम आपापल्या राज्याचा अभिमान आठवला.

मग कोरड्या पात्रात बैठक भरली. अलीकडून माझे सासरे पुढारी, पलीकडून माझे वडील. कालपर्यंत मांडीला मांडी लावून जेवणारे हे व्याही दोन देशांचे प्रधान असल्यासारखे समोरासमोर घोंगडी टाकून बसले. दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या. पण त्या दिवशी सासऱ्यांना कानडी कळेना आणि वडलांना मराठी. म्हणून दुभाषी म्हणून मला मधे उभं केलं.

"त्यांना सांग, झिरा आमच्या हद्दीत हाय," सासरे म्हणाले.

"वाळू आमच्या पोरांनी उपसली," वडील कानडीत म्हणाले.

मी इमानदारीत वाक्यं पोचवत होते. ती पोचायच्या आधीच समोरच्याच्या कपाळाला आठी पडलेली असायची.

शेवटी ठरलं. सकाळी एका गावानं भरायचं, दुपारनंतर दुसऱ्यानं, आणि पात्रात कुणीही पाणी उपसायचं इंजिन लावायचं नाही. दोघांनी शपथेचा बेलभंडारा उचलला. मला भरून आलं.

आठवडाभरातच झिरा तळाला गेला. वरच्या अंगाला इंजिनाची धडधड ऐकू यायची. अलीकडचे म्हणत ते पलीकडचं, पलीकडचे म्हणत अलीकडचं. पुरुषांनी एकमेकांचा निषेध करायला बैठक ठरवली. आम्ही दोन्हीकडच्या बाया आवाजाच्या दिशेनं चालत गेलो. पुढं माझी सासू आणि माझी आई.

इंजिन एकच होतं, आणि त्याच्याशेजारी दोघे व्याही. इंजिन सासऱ्यांचं, पाइप वडलांचे, डिझेल निम्मं-निम्मं. एक धार इकडच्या उसाला, दुसरी तिकडच्या. दोघेही आपापल्या साखर कारखान्याचे सभासद. ऊस जगवणं त्यांना भागच होतं. दोन राज्यांतलं इतकं गुण्यागोविंदाचं सहकार्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

सासू म्हणाली, "बंद करा ते."

"बायांनी यात पडू नये," वडील म्हणाले, चक्क मराठीत. सासऱ्यांनी तेच माझ्या आईला अस्खलित कानडीत समजावलं. मला हसू येत होतं, आणि दोन्ही घरांची लाजही वाटत होती.

"बसा गं," आई म्हणाली. सगळ्या जणी दोन्हीकडच्या उसाच्या सऱ्यांत, पाइपांच्या तोंडाशी घागरी लावून बसल्या. भरलेली घागर उचलायची, रिकामी पुढं सरकवायची. उसाला थेंब जाईना. दिवस कलेपर्यंत दोघा प्रधानांनी दम धरला, मग इंजिन बैलगाडीत चढवलं.

झिऱ्याला हळूहळू पाणी आलं. पावसाळ्यापर्यंत पाळी बायांनीच सांभाळली. पुरुषांची समिती उन्हाळाभर बसत होती, आणि पाणी जपल्याबद्दल दोन्ही व्याह्यांचा एकमेकांच्या हस्ते सत्कारही झाला. त्या दिवशी दुभाष्याची गरज पडली नाही. स्वयंपाकाला मात्र मला बोलावलं.