अनोळखी माणसांपुढे आमच्यासाठी जामीन राहिलेल्या शैलजाताई

शैलजाताई घोलप यांची आणि माझी पहिली भेट एका रिकाम्या खोलीवरून झाली. घोडेगावात एसटी स्टँडपासून थोडं पुढे त्यांची टायपिंग आणि संगणकाची इन्स्टिट्यूट आहे. तालुक्याच्या कचेऱ्यांत आज जे कारकून बसतात त्यांतल्या कितीतरी जणांची बोटं तिथेच तयार झाली. टायपिंगला येणारी मुलं कमी झाली तशी मागची खोली मोकळी पडली आणि ती भाड्याने मिळेल असं माझ्या कानावर आलं. मी नुकतीच पुण्यातली नोकरी सोडून गावी परतले होते. माझ्याबरोबर त्याच कंपनीत काम करणारा, शिनोलीचा अनिकेत होता. चित्रं माझी, प्रोग्रॅमिंग त्याचं, अशा बेतावर आम्हाला व्हिडिओ गेम तयार करणारा स्वतःचा स्टुडिओ काढायचा होता.

ताईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि थेट विचारलं, "गेम म्हणजे ते मोबाइलवरच्या रमीचं नाही ना? असलं काही असेल तर खोली नाही."

मी नाही म्हणाले. त्यावर त्यांनी भाड्याचं काहीच न बोलता, काय करताय ते दाखवा म्हणून सांगितलं. अनिकेतने लॅपटॉप उघडला. आमच्या गेमचं नाव 'बांधाबांधानं'. संध्याकाळी उसाला पाणी देऊन एक शेतकरी घरी निघालेला आहे. हातात बॅटरी आहे आणि उसात कुठेतरी बिबट्या आहे. तो फारसा दिसत नाही. उसाचं वाळकं पाचट वाजतं, कुत्री एकदम गप्प होतात. खेळणाऱ्याने कान देऊन ऐकायचं, थांबायचं, वाट बदलायची आणि घर गाठायचं. आमच्या जुन्नर-आंबेगावात उसातले बिबटे नेहमीचेच, त्यामुळे इथल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. ताई बघता बघता खुर्ची मागे सरकवत गेल्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "बंद करा. उद्यापासून या खोलीवर."

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात त्यांच्या इन्स्टिट्यूटबद्दल, त्यांनी नोकरीला लावलेल्या मुलींबद्दल माझ्यापेक्षा जुनी मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांनी आमच्यासारख्या दोन घाबरलेल्या माणसांना विश्वास कसा मिळवायचा ते शिकवलं, त्याबद्दल. ते शिकताना आमची झोप पार उडाली होती, हेही सांगायला हवं.

गेम पुरा करायला दीड-दोन वर्षं लागणार होती आणि आमची साठवण तेवढी पुरणार नव्हती. म्हणून आम्ही क्राउडफंडिंग करायचं ठरवलं. म्हणजे इंटरनेटवर आपलं काम दाखवायचं, लोकांनी आधी पैसे द्यायचे आणि गेम तयार झाला की तो त्यांना द्यायचा. ताईंना हे लगेच कळलं. त्या म्हणाल्या, ही तर वर्गणी. पण गावात वर्गणी देणारा माणूस येता-जाता बांधकाम बघत असतो, तुमचं बांधकाम त्याला कुठे दिसणार?

जाहिरातीतल्या एका ओळखीच्या माणसाने आम्हाला चकचकीत फिल्म करायचा सल्ला दिला. गेममध्ये अजून नसलेली दृश्यं त्यात रंगवायची, असंच सगळे करतात, असं त्याचं म्हणणं होतं. मी तयारही झाले आणि त्याने एक कच्ची फिल्म करूनही दिली. ताईंनी ती फिल्म पाहिली आणि यातलं किती गेममध्ये खरंच चालतं, एवढंच विचारलं. फार तर अर्धं, असं अनिकेत म्हणाला. मग अर्धंच दाखवा, असं सांगून त्या आपल्या वर्गावर निघून गेल्या.

आम्ही ती फिल्म टाकून दिली. चालत होतं तेवढंच दाखवलं. ताईंच्या सांगण्यावरून इंटरनेटवरच्या आमच्या वर्गणीच्या पानावर इन्स्टिट्यूटचा पत्ता दिला, आमचे फोटो दिले आणि इन्स्टिट्यूटचा फोन नंबरही दिला. दर शनिवारी आठवड्याचं काम इंटरनेटवरून थेट दाखवायचं असं ठरलं, त्यात गेम मध्येच बंद पडला तरी. तो बंद पडायचाच. पहिल्या शनिवारी शेतकरी बांधावरून चालता चालता जमिनीतून आरपार खाली पडला आणि अनिकेतचा चेहरा पांढराफटक झाला.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. घोडेगावात कुठला आलाय स्टुडिओ, पैसे घेऊन पळणार, अशा प्रतिक्रिया येत होत्या. मी दर थोड्या वेळाने पान उघडून बघायची. जमलेल्या रकमेचा आकडा हलायचा नाही. ठरलेल्या मुदतीत रक्कम जमली नसती तर आलेलं सगळं परत जाणार होतं, असा त्या पद्धतीचा नियमच होता. मला जेवण जाईना.

अशात इन्स्टिट्यूटचा फोन वाजू लागला. तो ताईच घ्यायच्या, एकीकडे मुलींचे कागद तपासत. नागपूरच्या एका तरुणाने त्यांना विचारलं की तुमच्यावर भरवसा का ठेवायचा? ताईंनी त्याला सांगितलं, "मी म्हणते म्हणून देऊ नका. शनिवारी ही मुलं काम दाखवतात ते दोन-तीनदा बघा, मग ठरवा."

फोन ठेवल्यावर मी काकुळतीला येऊन म्हणाले की तोवर मुदत संपेल. ताई म्हणाल्या, "संपू दे. त्याला घाई करायला लावून मिळालेले पैसे तुम्हाला पचणार नाहीत."

त्या तरुणाने पैसे दिले की नाही, मला आजही माहीत नाही. पण शनिवारी बघणारे वाढत गेले. गेम अडकला की तो का अडकला हे अनिकेत खरंखरं सांगायचा आणि पुढच्या शनिवारी तो दुरुस्त झालेला दिसायचा. मुदतीच्या अगदी शेवटी रक्कम पुरी झाली. मला आनंदाऐवजी धडकीच भरली. आता इतक्या माणसांचं आपण देणं लागतो, हे त्या दिवशी अंगावर आलं.

खरी परीक्षा त्यानंतर काही महिन्यांनी आली. जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीत शेतात गेलेल्या बाईंवर बिबट्याने हल्ला केला. माणसं धावून आली म्हणून त्या वाचल्या. त्यांचं खरं नाव मी इथे घेत नाही, सुरेखाबाई म्हणते. बातमी कळली तेव्हा आमच्या पडद्यावर बिबट्याची झेपच चालू होती. खेळणारा चुकला की बिबट्या झेपावतो, पडदा लाल होतो आणि खेळ संपतो. वर्गणीदारांना सगळ्यात जास्त आवडलेला भाग तोच होता. अनिकेतने मशीन बंद केलं. गावातही कुजबुज सुरू झाली की कुणाच्या जिवावर बेतलंय आणि ही पोरं त्याचा खेळ करतायत.

मला वाटत होतं की थोडे दिवस गप्प बसावं, लोक विसरतील. ताईंना ते पटलं नाही. सुरेखाबाई बऱ्या व्हायला माहेरी, आणे गावाला आल्या होत्या आणि त्यांची भावजय ताईंची जुनी विद्यार्थिनी निघाली. ताईंनी तिला फोन करून आधी विचारलं, आणि या म्हटल्यावरच आम्ही दोघी निघालो. नारायणगाव, आळेफाटा अशा गाड्या बदलत आण्याच्या पठारावर पोचेपर्यंत मी तीनदा म्हणाले असेन की परत जाऊ या. ताईंनी मला खायला शेंगदाण्याची चिक्की दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सुरेखाबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. मानेला आणि खांद्याला पट्टी होती. त्यांची लहान मुलगी त्यांच्या पदराला धरून होती, क्षणभरही सोडत नव्हती. ताईंनी तब्येतीची, औषधांची विचारपूस केली, मग मला म्हणाल्या की यांना सांगा तुम्ही काय करताय ते. मी अडखळत सांगितलं. सुरेखाबाई म्हणाल्या, दावा. मी बरोबर आणलेला लॅपटॉप उघडला. सुरुवातीचं दाखवून थांबावं असं माझ्या मनात होतं, पण शेवट काय व्हतो, असं त्यांनी विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. पडदा लाल झाला तसं त्या मुलीने आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

मी घाईने लॅपटॉप मिटला. मग सुरेखाबाई शांतपणे म्हणाल्या, "करा तुमी. मी कोन नाय म्हननारी? पन ह्ये शेवटचं नका दावू. माजी पोर आजून झोपंत दचकती."

मी लगेच हो म्हणणार होते. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, "बाई, आत्ताच हो म्हणत नाही. हे दाखवू असा शब्द आम्ही दुसऱ्या लोकांनाही दिलाय. त्यांना विचारते आणि मीच तुम्हाला कळवते."

परतीच्या गाडीत मला त्यांचा राग आला होता. त्या माउलीला तिथल्या तिथे हो म्हणायला काय जात होतं, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "आणि पुढे जमलं नाही, तर नाही म्हणायला पुन्हा कोणत्या तोंडाने यायचं?"

अनिकेत ऐकायला तयार नव्हता. लोकांनी ज्यासाठी पैसे दिले तेच काढून टाकलं तर ती फसवणूक नाही का, हा त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. ताईंनी तो मान्य केला. म्हणूनच बदलायच्या आधी विचारायचं, असं त्यांनी सांगितलं. त्या शनिवारी आम्ही काहीही न लपवता सगळं सांगितलं: काय घडलं, आम्ही कुणाला भेटलो, शेवट का बदलावासा वाटतो, आणि ज्यांना हे पटणार नाही त्यांचे पैसे परत मिळतील. बरेच पैसे खर्च झाले होते. मागणारे फार निघाले तर काय, हे मी ताईंना आदल्या दिवशी विचारलं होतं. "मी बघेन," इतकंच त्या म्हणाल्या होत्या. विकायला किंवा गहाण टाकायला त्यांच्याकडे काय होतं, तर ती इन्स्टिट्यूटची जागा. त्या आठवड्यात फोनची रिंग वाजली की मी मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची.

आणि रिंग वाजतच होती. बंगळुरूहून एक गृहस्थ फार संतापून बोलले. ताईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमचा राग बरोबर आहे, न सांगता बदललं असतं तर ती फसवणूक झाली असती, सांगून बदलतोय म्हणून तुमचे पैसे तुम्हाला परत घेता येतायत. त्यांनी पैसे परत घेतले. ताईंनी ते लगेच पाठवायला लावले आणि मिळाले का, हे विचारायला स्वतः फोन केला. आणखी काही जणांनीही परत मागितले. पण बहुतेक जण राहिले. इन्स्टिट्यूटच्या जागेला हात लावावा लागला नाही.

सगळ्यांची उत्तरं आल्यावर ताईंनी आण्याला फोन लावला आणि म्हणाल्या, "सुरेखाबाई, आता हो म्हणते."

आमच्या गेममध्ये आता झेप नाही. खेळणारा चुकला की बॅटरी हातातून पडते, अंधार होतो आणि लांबून माणसांच्या हाका ऐकू येतात, एका बांधावरून, मग दुसऱ्या बांधावरून. उजाडतं तेव्हा आपण घरी असतो आणि वाट पुन्हा चालायची असते. शेतकऱ्याच्या जागी आता बाई आहे. हे सगळं नव्याने करण्यात अनिकेतचे आणि माझे कित्येक महिने गेले. गेम अजून लोकांच्या हातात गेलेला नाही, शेवटच्या चाचण्या चालू आहेत. तो लोकांना आवडेल का, आम्ही राखलेला शब्द त्यांना पुरेसा वाटेल का, या काळजीतच मी हा लेख लिहिते आहे.

त्यात मध्यंतरी एक मोठी काळजी येऊन गेली. वर्गात शिकवता शिकवता ताईंना चक्कर आली. मंचरला दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, गोळ्या सुरू केल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी आणि अनिकेत एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो. आमच्यापायी आलेल्या त्या सगळ्या फोनांचा हिशेब दोघांच्याही मनात चालू होता. जरा बरं वाटल्यावर ताईंनी पहिली गोष्ट विचारली ती शनिवारची. फोन काही दिवस उचलला जाणार नाही, हे लोकांना कसं सांगायचं, असं आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "कसं म्हणजे? चक्कर आली म्हणून सांगा. खरं तेच सांगायचं."

आम्ही सांगितलं. त्या रविवारी जे निरोप आले ते मी त्यांना वाचून दाखवले. ज्यांनी ताईंना कधी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला, अशी ती माणसं. कुणी काकू म्हटलं होतं, कुणी आंटी. गेमची घाई नाही, आधी तब्येत सांभाळा, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. एकाने पथ्य लिहून पाठवलं होतं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. सगळे वाचून झाल्यावर, प्रत्येकाला उत्तर गेलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं.

ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, पण मी ते रीत म्हणून करत नाही. ताई, गोळ्या वेळेवर घ्या. सकाळी शिनोलीच्या रस्त्याला चालायला जाता ते चुकवू नका आणि एकट्या जाऊ नका. तुम्ही भरपूर वर्षं, धडधाकट, आमच्यात राहायला हव्या आहात. आम्हाला अजून खूप माणसांना शब्द द्यायचे आहेत.