शशीदादांच्या चोकची दोरी

शशीदादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी दोह्यात एका उंच इमारतीच्या गच्चीवर होतो. काचा धुवायला दोरावरून खाली उतरायचं होतं. मी तसा घाबरट माणूस. तपासलेला दोर पुन्हा तपासतो, सोबतचे हसतात. ही सवय दादांची... त्या दिवशी मात्र उतरलोच नाही.

नववीत शाळा सोडून सावंतवाडीकडच्या गावातून लालबागला आलो, तेव्हा चाळीत शेजारची खोली दादांची. नोकरी छापखान्यात, रविवार कातळावर. "नुसता बसून काय करतोस? चल माझ्याबरोबर," म्हणाले आणि मुंब्र्याच्या कड्यावर घेऊन गेले. आज मी दोरावर लटकून पोट भरतो, ते सगळं तिथलं. त्यांचा जीव एका जुन्या चोकवर. मुठीएवढा, सहा बाजूंचा, पोकळ धातूचा तुकडा. तो कातळाच्या भेगेत अडकवायचा, त्यात ओवलेल्या दोरीच्या फासात आपला चढाईचा दोर अडकवायचा. पाय सुटला तर सगळा भार त्या फासावर. धातू टिकतो, दोरी नाही. ती न वापरताही म्हातारी होते.

नवी दोरी निवडणं हा दादांचा सोहळाच. एकदा मीच त्यांना रे रोडला बोटींच्या दोऱ्यांच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "शेठ, इससे जहाज बांधते हैं." दादा म्हणाले, "जहाज बंधता है भाई, गिरता नहीं." शेवटी दादरच्या गिर्यारोहणाच्या दुकानातून घेतली. कडक नायलॉनची, किती भार झेलते ते लिहिलेली. चोकच्या भोकातून जोर न लावता जाईल, त्यातली सगळ्यांत जाड. मी बारीक उचलली की ओरडायचे, "मेल्या, पायजम्याची नाडी ओवतोस काय?" घरी आल्यावर आधी जुनीचे तुकडे करायचे, मगच नवी ओवायची, हा नेम. वहिनी दरवेळी कुरकुरायच्या, "एवढी धडधाकट दोरी! कपडे वाळत घालायला तरी ठेवा." दादा म्हणायचे, "आज तू कपडे टांगशील, उद्या कोणतरी माणूस टांगेल."

रजेवर आलो, तर त्यांची मुलगी मानसी तोच चोक घेऊन येत्या रविवारी कड्यावर जाणार होती. दादा अंथरुणाला खिळल्यापासून तो खिडकीजवळच्या खिळ्यावरच होता. उन्हानं दोरी पांढुरकी पडली होती.

"दोरी बदलू या," मी चाचरत म्हणालो.

"नको काका. बाबांनी स्वतः बांधलीय. बाबांची गाठ कधी सुटलीय?"

बाप तिचा, मी कोण... पण रविवार डोळ्यांपुढे आला.

"गाठ नाही सुटायची गं. दोरी तुटेल."

ती रडली. मग तीच चपला घालून दारात उभी राहिली, "चला दादरला." दुकानात तिनं एक बारीक दोरी उचलली, मी तोंड उघडायच्या आत परत टांगली. "नाडी," म्हणाली. आम्ही दोघंही हसलो... किती दिवसांनी.

घरी येऊन मी कात्री घेतली, जुनीचे तुकडे केले. गाठीपाशी हात थांबला. वहिनींनी ती गाठ माझ्या हातातून घेतली, दोन्ही बाजूंनी कापलेली, मुठीत मावणारी.

"ही राहू दे," म्हणाल्या. "हिच्यावर आता रुमालसुद्धा वाळत घालता यायचा नाही."

आणि रिकाम्या खिळ्यावर त्यांनी ती खोचून ठेवली.