हार घातलेला कागद

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरावं असं वाटतही नाही. बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा तेव्हा मी प्रभारी निरीक्षक होतो. भर दुपारी एका बर्फाच्या कारखान्यात अमोनिया वायूची गळती झाली. आतल्या एका कामगारानं दोन बायकांना ओढत बाहेर आणलं, आणि वायूच्या नळाची झडप बंद करायला तिसऱ्यांदा आत गेला तो तिथंच कोसळला. डोळे भाजले. दिसेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात.

संध्याकाळी मालक तक्रार घेऊन हजर. त्याच कामगाराविरुद्ध! "साहेब, यानंच चुकीची झडप फिरवली. मास्क खुंटीला टांगलेले होते, घातले नाहीत. आमच्याकडं तपासणी झालीय, कागद भिंतीवर आहे."

कागदाबद्दल सांगायला हवं. तालुक्यातल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन सगळ्या धंद्यांसाठी एक आचारसंहिता केली होती. बेकरी असो, कापसाचं जिनिंग असो की शिवणकाम, कामगाराला साधनं द्यायची, आग विझवायची सोय ठेवायची, मापात पाप करायचं नाही. तपासणीला एक निवृत्त कारकून नेमला होता. तपासणीत पास झालेल्याला हिरवा कागद मिळे. लोक तो फ्रेम करून गल्ल्यामागं लावत, दसऱ्याला यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार, कागदाचा खालचा भाग झाकेल एवढा. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन.

पंचनाम्याला गेलो. कागदावर स्पष्ट लिहिलेलं: 'अमोनिया मास्क दोन, चालू स्थितीत.' खुंटीला दोन मास्क होतेही. पण इतके कोरे की रबराचा वास जात नव्हता. "वापरायची वेळच आली नाही," मालक म्हणाला. बाकीचे कामगार मूग गिळून बसले. पोटाचा प्रश्न होता, त्यांना तरी काय बोलायचं?

कामगाराची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मला पाहून उठली. "सायेब, दोन जणी वाचवल्या म्हून त्यांचे डोळे गेले. आन् गुन्हा बी त्यांच्यावरच? ह्यो कुठला न्याय हाय?" गुन्हा दाखल झाला असता तर भरपाई बुडाली असती आणि आंधळ्या माणसाला कोर्टाच्या चकरा माराव्या लागल्या असत्या. मी ठरवलं, पाणी कुठं मुरतंय ते कळेपर्यंत त्याच्याविरुद्ध एक ओळ लिहायची नाही.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे बेकरीवाले चाचा आले. काखेत फ्रेम, तिच्यावर वाळका हार. दसऱ्याला शेजारच्या दुकानदारांनी घातला म्हणून त्यांनीही राहू दिला होता.

"साहेब, माझ्या भट्टीत पाव भाजतात का बर्फ पडतो?"

"का हो चाचा?"

"मग हे वाचा. गळतीची बातमी ऐकली अन् सुनेनं पहिल्यांदा हा कागद वाचला."

वाचलं. 'अमोनिया मास्क दोन, चालू स्थितीत.' बेकरीत!

मी हवालदारांना घेऊन बाजारपेठेत निघालो. हार्डवेअर, शिवणकाम, रसवंती, सगळीकडे तेच वाक्य. एका ब्युटी पार्लरमधून हवालदार हसतच बाहेर आले. "सायेब, हितं बी मास्क हायेत! पार्लरात बी बर्फ पडत असंल." हसू मलाही आलं, पण रागही तितकाच आला. हार घालून पुजलेला कागद एकानंही वाचला नव्हता.

तपासणीसाला ठाण्यात बोलावलं. साधा माणूस, धमकावण्यात अर्थ नव्हता. मी त्याला थेट बर्फाच्या कारखान्यात नेलं. "काका, तुम्ही तपासलेली झडप दाखवा." तो बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिला. मग पाण्याच्या मोटारीलाच झडप समजून तिच्यावर हात ठेवला.

"साहेब, मी आत कधी आलोच नाही. ऑफिसात चहा व्हायचा. मालकानंच फॉर्म भरून दिला. बरा भरला होता, म्हणून वरचं नाव बदलून सगळ्यांना त्याच्याच झेरॉक्स..."

तो बोलला तशी कामगारांचीही भीती गेली. वाचलेल्या दोघींपैकी एकीनं जबाब दिला, "मास्क त्या दिशी सांच्याला आले. आमी कदी बघितलेच न्हाईत." झडप कित्येक महिने गळत होती, हेही तिनंच सांगितलं.

ठाण्यात फ्रेमा जप्त करताना हवालदारांनी चाचांच्या फ्रेमवरचा हार काढला आणि ते थबकले. "सायेब... खाली सही तुमचीच हाय."

होती. या हिरव्या कागदांच्या वितरण समारंभाला मी प्रमुख पाहुणा होतो. शाल, श्रीफळ, आणि पुढ्यात गठ्ठा. गप्पा मारत एकामागून एक सह्या ठोकल्या होत्या. हाराखाली झाकलेलं माझं नाव बघून मला स्वतःची चीड आली. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

हवालदार हळूच म्हणाले, "हार परत घालू का?"

"नाही. स्टेशन डायरीत या सहीची नोंद घ्या."

वरिष्ठांना लेखी कळवलं, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवला आणि साक्षीदार म्हणून माझा जबाब दिला. मालक आणि तपासणीसावर गुन्हा दाखल झाला. मलाही ताकीद मिळाली, ती योग्यच होती.

कामगाराचा एक डोळा वाचला. दवाखान्यातून घरी जाताना तो बायकोचा हात धरून ठाण्यात आला. मी त्याला सहीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "सायेब, मला वाचता येत न्हाई. तुमाला येतंय की."

एवढंच. शिवी दिली असती तर सोसली असती.

नियम करणं सोपं आहे. झडपेपर्यंत चालत जाणं अवघड, आणि तेच काम असतं, हे मी त्या माणसाकडून शिकलो. निवृत्तीच्या दिवशी पदभार सोपवण्याचे कागद सहीला आले. बाहेर मंडळी हार घेऊन ताटकळत होती. मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"सायेब, हार सुकत्याल," हवालदार म्हणाले.

"सुकू द्या," म्हणालो आणि पान उलटलं.