हौसाक्काचं तोंड

सकाळी दातांना तंबाखूची मिश्री लावून झाल्याशिवाय हौसाक्का कुणाशी बोलत नसे. लोणावळ्याजवळच्या औंढे गावातल्या घराच्या पायरीवर ती उकिडवी बसायची, उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात, डावा हात गुडघ्यावर आणि नजर समोरच्या भातखाचरांवर. दूध न्यायला आलेला असो, मजुरीचं विचारायला आलेली बाई असो, सगळ्यांनी अंगणात उभं राहायचं. प्रत्यक्ष तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, तेसुद्धा खांबाला टेकून थांबायचे. मग ती उठायची, खळखळून चूळ भरायची, आणि त्यानंतर जे तोंड सुटायचं ते निजेपर्यंत. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला विचारलं, "आक्का, चहात साखर किती घालू?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हिला मी आवडले नाही, असं मी तेव्हाच धरून चालले, आणि तो समज पुढे कित्येक वर्षं गेला नाही.

हौसाक्का माझी थोरली जाऊ. मी तिच्यावर जळत होते, हे आधीच सांगून टाकते. जावाजावांत असायचंच, असं म्हणून सोडून देण्याइतकं ते साधं नव्हतं. मी तळेगावची, शाळेच्या कार्यालयात नोकरी करणारी, चारचौघांत नीट बोलणारी. ती चौथीत शाळा सोडलेली. पण कमरेखाली जाणारी वेणी तिची होती, खणखणीत आवाज तिचा होता, आणि भूक तर अशी की बघणाऱ्यालाच धाप लागावी. हिरवी मिरची मिठाला लावून ती शेंगदाण्यासारखी खायची. आमच्या ह्यांची आई लवकर गेली, ह्यांना वाढवलं तिनं. त्यामुळे मी केलेल्या कोणत्याही कालवणाचा पहिला घास घेतला की हे म्हणायचे, "चांगलं झालंय, पण वैनीच्या हातची सर नाही." ते वाक्य ऐकत मी म्हातारी झाले.

हे सगळंही मी गिळलं असतं. मला खरा राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. ती माझा कधी हेवा करत नसे. तळेगावात आम्ही फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला ती आली. सगळ्या खोल्यांतून फिरली, नळ सोडून बघितला, गॅलरीत उभी राहिली आणि म्हणाली, "बरं हाय. पन भांडायचं झालं तर शेजारीन कुटंय? समदी दारं लावल्याली." फ्रिज बघून म्हणाली, "शिळं ठिवायला एवढं मोठं कपाट?" माझ्या नोकरीबद्दल तिला चक्क दया यायची. "दिसभर हापिसात बसून पाठ मोडत न्हाई व्हय तुजी?" असं ती मनापासून विचारायची, आणि मला त्या मायेचाच संताप यायचा. माझ्याकडची एक तरी वस्तू तिला हवीशी वाटावी, एवढंच मला हवं होतं. एखादी साडी, एखादं भांडं, काहीही. तिला काही नकोच असायचं. नाव हौसा, आणि बाईला हौस म्हणून नाही.

औंढ्याच्या आजूबाजूला तेव्हा बंगले उठायला लागले होते. शनिवार-रविवार गाड्या भरभरून लोक यायचे. हौसाक्का लोणावळ्याच्या बाजारात करवंदं विकायला बसायची आणि घरी येऊन सांगायची, "मुंबयची मानसं पैकं टाकून हवा खात्यात. आमी फुकाट खातो. आमास्नी काय हुतंय?" हे तिचं ठरलेलं बोलणं. कुणी शिंकलं तरी ती ते म्हणायची.

आणि खरंच, झालं ते मलाच. आमच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर आलं होतं. सगळ्याजणी गेल्या म्हणून मीही रांगेत उभी राहिले. डॉक्टरीणबाईंच्या बोटाला माझ्या छातीत एक गाठ लागली, जी मला कधी लागली नव्हती. पुढे पुण्याला खेपा, ऑपरेशन, मग ती सलाईनं. एक बाजू गेली आणि केसही गेले. मला भेटायला हौसाक्का आली ती घरचा इंद्रायणी तांदूळ आणि कापलेली कोंबडी घेऊन. आल्या आल्या पदर खोचून माझे पाय चेपायला बसली. "तुमचं पानी बाटलीतलं, भाजी औषध मारल्याली, वर गाड्यांचा धूर," ती म्हणाली. "त्यो शेरातलाच रोग, हापिसवाले. आमच्या गावात बग, हाय का कुनाला?" तिनं मला टोचायला म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी डोक्याला रुमाल बांधून पडले होते, आणि वाकून पाय चेपताना तिची जाडजूड वेणी माझ्या पायांवर पडत होती. ती कापून टाकावी असं मला वाटलं.

तो शहरातलाच रोग, असं मीही मानत होते. औंढ्यात म्हाताऱ्या बायका डोक्यावर भारा घेऊन चढ चढायच्या आणि इकडे आमच्या एका सोसायटीत तिघीजणी माझ्यासारख्या. पुण्याच्या दवाखान्यात पदरानं गाल झाकून भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बायका मला दिसायच्या. त्या कुठल्या, कुठून आल्या, हे विचारायचं त्राण तेव्हा माझ्यात नव्हतं.

मी वाचले. केस परत आले, पातळ आणि पांढरे. पुढच्या उन्हाळ्यात औंढ्याच्या जत्रेला गेले ते गावाला तोंड दाखवायला. मटणाचा रस्सा होता. सगळे नाक पुसत जेवत होते, आणि मी नेहमीसारखी हौसाक्काच्या ताटाकडे बघत होते. तिनं रस्सा घेतला नव्हता. भाताचं आळं करून त्यात तिनं दूध ओतलं. भाकरीचा तुकडा दुधात बुडवून, मऊ करून, तोंडाच्या एकाच बाजूनं ती तो चावत होती. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. आली म्हटलं ही पण जमिनीवर, झालं वय. मग बघता बघता लक्षात आलं, की सकाळपासून ही तोंड भरून हसलेली नाही. घरात पंचवीस-तीस माणसं होती, तिच्यावर जीव टाकणारी. कुणालाही हे दिसलं नव्हतं. हेवा करणारं माणूस जेवढं बारीक बघतं, तेवढं माया करणारं बघत नाही.

चुलीपाशी गाठून मी विचारलं, "आक्का, तिखट का नाही घेतलंत?"

"तोंड आलंय गं. उष्णता झालीया. सब्जा खातीय की."

"कधीपासून?"

"लावणीपासनं."

लावणी झाली होती पावसाळ्यात. मधला सगळा हिवाळा तिनं दूधभातावर काढला होता.

"आ करा बघू."

तिनं आ केला, पण दोन बोटंसुद्धा आत गेली नसती. आतून गाल पांढरा पडला होता आणि मागच्या बाजूला एक चट्टा होता, कडा वर आलेला, लालभडक. दुखत नाही का, असं विचारलं तर म्हणाली, "मिश्री लावली की बधिर हुतंय. आता दुपारची पन लावती."

मी म्हटलं, उद्या पुण्याला चला. ती हसली. "खुळी का काय? तुला झालं म्हून समद्यास्नी हुतंय व्हय? त्यो शेरातला रोग." भांडी घासणाऱ्या एका पाहुणीनं भर घातली, "सुरी लागली की पसरतो म्हनं. जाऊच नका." तेव्हा माझा तोल गेला. इतकी वर्षं नीट बोलणारी मी, अख्ख्या जत्रेच्या घरात ओरडले, "तुम्ही काय वेगळ्या मातीच्या आहात? केस तुमचे, भूक तुमची, माझा नवरासुद्धा तुमचाच. निदान रोग तरी माझ्या एकटीला ठेवू नका."

आमचे हे जमिनीकडे बघायला लागले. हौसाक्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं व्हतं व्हय पोटात?" तिनं हात धुतले. "चल. तुज्या मनासारखं हुंदे. पन त्यो डागदर न्हाई म्हनला, की तू जल्मभर गप बसायचं."

डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. तुकडा काढून तपासला आणि ते जे होतं ते तेच होतं. मी खरी ठरले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी हौसाक्कापुढे खरी ठरले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला बाहेर बसवून मी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंशी भांडलेच. घरचा तांदूळ, झऱ्याचं पाणी, चुलीवरची भाकरी, मग हिला कसा झाला? त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, जागा वेगळी असते. शहरात तुमच्यासारख्या छातीच्या जास्त येतात. गावाकडच्या तोंडाच्या येतात, गर्भपिशवीच्या येतात. आणि त्या उशिरा येतात. कितीतरी तर आमच्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं गावात हा आजार नाही." औंढ्यात मोतीबिंदूचं शिबिर दरवर्षी यायचं. तोंडात बघायला कुणी आलं नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बायका कुठल्या, ते मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन झालं. एका बाजूचा जबडा आणि गाल काढावा लागला, मांडीची कातडी तिथे लावली. आणि मी तिथेही जळलेच, काय सांगू. माझ्या वेळी भेटायला आले ते शाळेतले दोन शिपाई आणि ह्यांचे कंपनीतले मित्र. हिच्यासाठी औंढ्याहून टेम्पो भरून माणसं आली, वॉचमनशी वाद घालून वर आली. नर्स येता-जाता हिच्याच खाटेपाशी रेंगाळायच्या, कारण तोंडाला पट्ट्या असतानाही ही हातवारे करून त्यांना हसवायची. आमच्या ह्यांनी माझ्या वेळी सुट्ट्या काढल्या नव्हत्या असं नाही. पण हिच्या नाकातल्या नळीतून पेज सोडायचं काम ते नर्सलाही करू देत नसत, तसं माझ्यासाठी त्यांनी काही हट्टानं केलेलं मला आठवत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या वाट्याला आली. पट्ट्या सुटल्यावर तिचं बोलणं फुटकं येऊ लागलं, निम्मे शब्द हवेतच जायचे. दिरांना कळेना, ह्यांना कळेना. मला सगळं कळायचं. त्या तोंडावर मी आयुष्यभर नजर ठेवली होती. मग ती काही बोलली की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मी सांगायचे, "पाणी गार हवंय म्हणतात," किंवा "म्हशीला कोण बघतंय, विचारतात." तेवढा मान मी मिरवून घेतला.

रेडिएशनचा शेक घ्यायचा होता तेव्हा ती आमच्याकडे तळेगावात राहिली. त्यानंतर औंढ्याला गेली आणि भातकापणीच्या आधी संपली. तेराव्याला मी बायकांचं बोलणं ऐकत बसले होते. कुणी म्हणालं, तोंड आलं होतं, त्यातनं वाढलं. कुणी म्हणालं, पुण्याला नेली आणि सुरी लावली, नाहीतर जगली असती. हे म्हणणारी माझ्याकडे बघत नव्हती. रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणजे औंढ्यात अजूनही तो रोग कुणाला झालेला नाही.

मला आठवते ती त्या शेकाच्या दिवसांतली, तळेगावातली एक दुपार. वरच्या मजल्यावरच्या बाई हळदीकुंकवाला बोलवायला आल्या होत्या. बेल वाजताच हौसाक्का उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. हीच हौसाक्का कधीकाळी माझ्या सोसायटीच्या लावलेल्या दारांना हसली होती. बाई दारातच उभ्या राहून बोलल्या, माझी तब्येत किती छान सुधारली, बघून कुणाला खरंसुद्धा वाटणार नाही, असं म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी जायचं म्हणून मी साडी बदलायला आत गेले. हौसाक्का खाटेवर बसली होती, अर्धा चेहरा पदरात. मी एका बाजूला कापसाची पुरचुंडी लावली, निऱ्या केल्या, पदर खांद्यावर घेऊन नीट पिन लावली. आरशात बघितलं. काही कळत नव्हतं.

आरशातून ती माझ्याकडे बघत होती. माझ्या छातीवरच्या पदराकडे बघत होती. मग ती काहीतरी म्हणाली. मला पहिल्याच वेळी नीट कळलं असूनही मी म्हटलं, "काय आक्का?"

तिनं सावकाश, एकेक शब्द सोडवत पुन्हा सांगितलं. "तुजं पदराखाली गेलं. माजं तोंडावर आलं." आणि मग, "लय जळती मी तुज्यावर."

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. घर, फ्रिज, नोकरी, सगळं तिच्यासमोर मांडून पाहिलं होतं. आज प्रथमच माझ्याकडचं काहीतरी हौसाक्काला हवं होतं, आणि ते काढून तिला देता येत नव्हतं.

मी पिन काढली आणि हळदीकुंकवाला गेले नाही.