मागच्या खिडकीचा फोटो

आमची शूबाई मारकुटी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी दचकायला नको. शूबाई ही माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. दिवसभर ‘शूऽ, शूऽ’ करायची म्हणून सगळे तिला शूबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. एकदा एक धडधाकट बाप्या पुस्तकाचं पान फाडताना तिला सापडला. हातात होता तो तारखेचा शिक्का तिनं त्याच्या कपाळावर असा हाणला, की पुस्तक परत करायची तारीख ठळक उमटली. बाप्या बरेच दिवस टोपी घालून हिंडला. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस, आमच्या गुरुजींची छडी मोडेपर्यंत चालायची. त्या अनुभवावर सांगतो, शूबाईचा हात गुरुजींपेक्षा जड.

तर अशा बाईला वाचनालयाच्या सचिवांनी सांगितलं, की आता इंटरनेटवर वाचनालयाचं पान हवं. फोटो टाका, लोकांशी बोला, लोक येतील. शूबाई म्हणाली, “लोकांना गप्प करण्यात माझा जन्म गेला, आता बोलू कशी?”

शिकवायला माझी सून बसली. सून बँकेत नोकरीला, स्वभावानं गार पाण्याचं मडकं. शूबाई कीबोर्डवर बोटं अशी आपटायची, जणू ढेकूणच चिरडतेय. माउस हलेना तेव्हा तिनं तो टेबलावर आपटून फोडला. दुसरा आणला, त्याच्या पोटातून स्प्रिंग बाहेर आली.

“मावशी, हळू. त्याला लागतं,” सून म्हणाली.

“लागू दे. ऐकायला नको?”

“तो ऐकतोय. तुम्ही दोनदा दाबताय म्हणून दोनदा उघडतोय.”

पण शिकली हो. पहिला फोटो टाकला तो नुसत्या कपाटांचा. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एके दुपारी तिनं माणसांसकट वाचनकक्षाचा फोटो टाकला आणि त्याखाली लाल बदाम पडायला लागले. शूबाई हरखली. लग्नातसुद्धा तिचं एवढं कौतुक झालं नव्हतं.

आता ग्रंथपालाची एक खोड असते. वस्तू कुठली, कुठल्या कप्प्यात, केव्हा मिळेल, हे चिकटवल्याशिवाय तिचा हात खाली येत नाही. पुस्तकांना लावते तशा तिनं फोटोतल्या माणसांना चिठ्ठ्या लावल्या. माझ्याबद्दल लिहिलं: ‘डावा बाक. वर्तमानपत्रं. सकाळपासून. घोरतात.’ सगळं वाचनालय हसलं, मीही हसलो. आणि मागच्या खिडकीशी बसलेल्या बाईबद्दल लिहिलं: ‘मागची खिडकी. प्रवासवर्णनं. रोज दुपारी, शिवणाचं दुकान सुटल्यावर.’

त्या बाईला आम्ही काजवाली म्हणायचो, कारण ती शिंप्याकडं शर्टांना काजं करायची. दुसऱ्या शहरातून नवऱ्याच्या मारातून पळून आलेली. एवढं फक्त शूबाईला ठाऊक, आणि शूबाईकडून मला. नवऱ्यानं तिचा डावा कान धरून असा ओढला होता, की पाळी फाटून लोंबली आणि त्या कानानं ऐकू यायचं बंद झालं. म्हणून ती नेहमी उजवा कान दाराकडे करून बसे. सभासद व्हायचं तर पत्ता द्यावा लागतो. तो ती देईना, तरी शूबाईनं तिला वाचू दिलं. नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला. फोटोखाली तिचं नाव लिहायचं नाही, एवढी अक्कल शूबाईला होती. फोटोत चेहरासुद्धा पुस्तकात खुपसलेला होता. फक्त फाटका कान कॅमेऱ्याकडे होता.

फोटोखाली कुणीतरी प्रश्न टाकला: ‘छान जागा. कुठं आली? मलाही यायचंय.’

वाचकानं प्रश्न विचारला आणि ग्रंथपालानं अर्धवट उत्तर दिलं, असं शूबाईच्या हयातीत झालं नव्हतं. तिनं एका बोटानं पूर्ण उत्तर लिहिलं. बसस्थानकातून उजवीकडं, दवाखाना ओलांडला की पिवळी इमारत, जिना चढून पहिला दरवाजा, दुपारी गर्दी कमी असते. वर ‘अवश्य या’ म्हणून लिहिलं. मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, “भावोजी, वाढतायत बघा वाचक.”

तो वाचक आला. रुंद खांद्यांचा, टायरच्या कामानं काळ्या झालेल्या हातांचा. कोट हातावर घडी करून घेतलेला. टेबलापाशी थांबून अदबीनं म्हणाला, “ताई, मला रस्ता तुम्हीच सांगितलात ना?”

“हो, हो. या. काय वाचणार?” शूबाई उठून उभी राहिली.

“प्रवासवर्णनं,” तो म्हणाला आणि मागच्या खिडकीकडं चालायला लागला. चालता चालता त्यानं कोट टाकला. आत टॉमी होती, टायर उचकटायची लोखंडी पट्टी, हातभर लांब.

काजवालीनं नवऱ्याची पावलं ओळखली. ती उठते न उठते तोच त्यानं टॉमी फिरवली. ती खाली बसली म्हणून वाचली. खिडकीची काच फुटली आणि तुकडे तिच्या केसांत पडले. “फोटो काढतेस, अं? लोकांना तोंड दाखवतेस?” असं म्हणत त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. उघड्या पुस्तकावर तिच्या नाकातलं रक्त सांडलं.

मी वर्तमानपत्राची लाकडी दांडी घेऊन धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाला जमतं तेवढं. त्यानं मागं न बघता कोपर मारलं, माझी कवळी तोंडातून उडून बाकाखाली गेली आणि मी तिच्यामागोमाग.

मग शूबाई आली. ती ‘शूऽ’ म्हणाली नाही. वरच्या कप्प्यांसाठीची शिडी तिनं दोन्ही हातांनी ढकलत आणली आणि त्याच्या गुडघ्यांत घातली. हाड वाजल्याचं मी बाकाखालून ऐकलं. तो वळला. टॉमी तिच्या मनगटावर बसली आणि हात नको तिथं वाकला. तिनं दुसऱ्या हातानं सगळ्यांत जाड शब्दकोश उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला, मग पुन्हा, मग पुन्हा. दात पडले. तरी तो उभाच. टॉमी वर उचलली, आता ती शूबाईच्या डोक्यात बसणार, तेवढ्यात काजवालीनं कमरेची काजाची कात्री काढली आणि टेबलावर टेकलेल्या त्याच्या डाव्या पंजात खुपसली. कात्री लहान असते, पण धार विचारू नका. पंजा लाकडाला खिळला. तो बैलासारखा ओरडला. इतके दिवस त्या खोलीत कुणी मोठ्यानं खोकलंही नव्हतं.

खालच्या दुकानांतली माणसं वर आली आणि त्याच्यावर तुटून पडली. पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगावर मारायला जागा राहिली नव्हती. मीही बसल्या जागेवरून त्याच्या नडगीवर एक दांडी घातली आणि मला बरं वाटलं.

दवाखान्यात शूबाईच्या हाताला प्लास्टर चढलं. सून आली तर शूबाईचं पहिलं वाक्य, “तो फोटो पुसायचा कसा ते शिकव.”

सुनेनं दाखवलं. शूबाईनं डाव्या हातानं, एकदाच, हळू दाबलं.

“गेला?”

“आपल्या पानावरून गेला, मावशी. ज्यांनी पुढं पाठवलाय त्यांच्याकडं राहणार.”

“मग पुसायचं म्हणतात कशाला?”

मारामारीचंही कुणीतरी चित्रीकरण केलं होतं आणि तेही गावोगाव फिरत होतं. त्यात काजवालीचा पूर्ण चेहरा होता. पोलीस म्हणाले, तो जामिनावर सुटेल. त्याचे भाऊ तर मोकळेच आहेत. म्हणजे काजवालीसाठी ही जागा आता संपली.

चेहरा सुजलेला असतानाच काजवाली निघाली. शिंप्यानं दुसऱ्या कुठल्या तरी गावी आपल्या बहिणीच्या घरी तिची सोय लावली. आम्ही दोघं तिला बसस्थानकावर सोडायला गेलो. काजवाली शूबाईच्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली, “ताई, मी कुठं चाललेय ते तुम्हाला तरी—”

“नको सांगूस,” शूबाई म्हणाली. “मला कळलं की कुणी विचारल्यावर मी सांगेन. मुद्दाम नाही गं. तोंडातून जाईल.”

“एवढं झाल्यावरही?”

“तू मला ओळखत नाहीस. तो आला तेव्हा मी उठून ‘या’ म्हटलं त्याला.”

काजवालीनं शूबाईचे डोळे पुसले. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. बस लागली. शूबाईनं बसकडं पाठ केली आणि स्थानकाच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, म्हणजे बसवरची गावाची पाटी दिसायला नको. मलाही धडक्या हातानं दंडाला धरून वळवलं. त्या हाताचा जोर अजून शाबूत होता.

“भावोजी, डोळे मिटा. तुम्ही तर जास्तच बोलता.”

मी मिटले. बस सुरू झाली, धूर आला, आवाज लांब गेला. तरी ती भिंतीशीच.

“गेली का?” तिनं विचारलं.

“मला काय माहीत. मी डोळे मिटलेत.”

“मिटूनच ठेवा अजून थोडे,” ती म्हणाली.