चौकातला वास

स्पेनमधल्या सालामांका शहरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मधल्या चौकात उघडत होती. चौकभर दोऱ्यांवर सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे वाळत होते आणि खालून कुणीतरी तेलात लसूण परतल्याचा वास वर येत होता. भाड्याने घेण्यासाठी बघायला आलेली खोली मला आवडली होती. सोमवारपासून कॉलेज होतं आणि हॉस्टेलमधला तात्पुरता पलंग उद्या सोडायचा होता.

"तू शांत मुलगी दिसतेस," घरमालकीणबाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "फक्त तुमचा तो मसाल्यांचा स्वयंपाक इथे नको. कपड्यांना वास लागतो."

मी गप्प असले की लोक माझा होकार धरून चालतात. शाळेत सगळ्यांच्या डब्यात सँडविच असायचं, तेव्हा मी झाकण अर्धंच उघडून मेथीची भाजी खायचे. समोर एक पांढरी चादर त्या लसणाच्या वासात मजेत हलत होती.

"आणि हा वास?" मी विचारलं.

"हा? अगं, हा तर जेवणाचा!" त्या हसल्या.

"माझाही जेवणाचाच असेल. मी रोज फोडणी करणार."

त्यांनी खांदे उडवून बाहेरचं दार उघडून धरलं.

खाली रस्त्यावर आल्यावर मी पाठीवरच्या सॅकमधून हिंगाची डबी काढली. वास बाहेर येऊ नये म्हणून मीच ती एकात एक अशा पिशव्यांमध्ये बांधली होती. त्या सगळ्या सोडून कचऱ्यात टाकल्या, डबी तशीच सॅकमध्ये ठेवली आणि यादीतल्या पुढच्या खोलीच्या पत्त्याकडे निघाले.