दार ओढू नका

म्हैसूरच्या विजयनगरात नरसिंगराव शिंपी समोरून आले की बायका पदर सावरतात. गैरसमज नको, माणूस सोन्यासारखा आहे. पण कुणाच्याही कपड्यावर लोंबता धागा दिसला की त्यांचा हात आपोआप तिकडे जातो आणि धागा ओढल्याशिवाय परत येत नाही. बेचाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवून बोटांना मेंदूला न विचारता काम करायची सवय लागली आहे. मागे एका लग्नात व्याह्यांच्या नव्या कोटाचा असाच धागा ओढला, तर अख्खी बाही खांद्यापासून सुटून हातात आली. पंगतीच्या मागे बसून त्यांनी ती पंधरा मिनिटांत जोडूनही दिली म्हणा. वर त्या कोटाच्या शिंप्याचं नाव विचारून घेतलं, त्याच्याकडे कुणाला पाठवायला नको म्हणून.

बायको सुमित्राबाई गेल्यावर हा माणूस वर्षभर मशीनच्या आवाजापुरताच उरला होता. मग एका सकाळी दुकानातल्या गुंड्यांच्या डब्यात तोंड खुपसून बसलेलं कुत्रीचं तांबूस पिल्लू सापडलं. म्हैसूरच्या मराठीत बटणाला अजून गुंडीच म्हणतात, कन्नडातही गुंडीच. नाव शोधायचे कष्ट वाचले.

गुंडीला पहिलं इंजेक्शन द्यायला नेलं तेव्हा जयलक्ष्मीपुरमच्या वाणी डॉक्टरांनी काय काय खायला द्यायचं नाही ते सांगितलं. द्राक्षं नि बेदाणे नकोत, मूत्रपिंडं जातात. चॉकलेट नको. कांदा नको, कच्चा नको नि शिजलेलाही नको. बिनसाखरेचं च्युइंगम तर घरातच नको. नरसिंगरावांनी ते ब्लाउज बेतायच्या खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात टांगलं, आणि आख्ख्या गल्लीवर पहारा सुरू केला. शेजारच्या वनजाबाईंनी प्रेमानं गुंडीपुढे केसरीभात ठेवला, तर यांनी बसून त्यातले बेदाणे वेचले, मोजले आणि वाटीत घालून परत नेऊन दिले. दोन महिने वनजाबाई बोलत नव्हत्या. प्रसादाला नावं ठेवणारा माणूस, असं त्या भाजीवाल्यापाशी सांगत होत्या.

शेवटी वनजाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. ब्लाउज शिवून घ्यायचे तर शिंप्याशी बोलावंच लागतं. त्या मैसूरपाकाचा डबा घेऊन आल्या. नरसिंगरावांनी दोन वड्या खाल्ल्या, गुंडीला कणभरही दिला नाही, डबा वरच्या फळीवर ठेवला आणि हूक लावायला सुई ओवली. हात मात्र धुतले नाहीत. घरच्या तुपाचा मैसूरपाक तो, बोटांना तूप आणि बोटांचं धाग्याला. तेवढ्यात कुणी तरी माप द्यायला आलं. सुई ब्लाउजवर टाकून ते टेप घ्यायला उठले.

परत वळले तेव्हा ब्लाउज जमिनीवर होता, सुई नव्हती, आणि गुंडीच्या तोंडातून वीतभर लाल धागा लोंबत होता.

त्यांनी गुडघ्यांवर बसून तिचं डोकं काखेत धरलं आणि सुनेला हाक मारली. "नमिता, डॉक्टरांना फोन लाव, बेगा बेगा."

आता या नमिताचं सांगायला हवं. धनुषची बायको, साताऱ्याची, लग्नाला आठ महिने. मराठी खणखणीत आणि कन्नड दुकानापुरतं. पहिल्याच आठवड्यात तिला कुणी तरी सांगितलं की इकडे सासऱ्याला 'मावा' म्हणतात. मावा म्हणजे खवा, तो पेढ्यात घालतात, सासऱ्याला कसं म्हणू, असं म्हणून ती इतकी हसली की 'मामा' म्हणायची परवानगी लगेच मिळाली. धनुष ऑफिसात असला की दोघं दिवसभर दुकानात असायची. मामा शिकवायचे, ती चुकायची. बेडा म्हणजे नको. बन्नी म्हणजे या. एळी म्हणजे ओढ. हा शेवटचा शब्द रोज दुपारी जेवायला जाताना शटर ओढताना कामी यायचा.

तिनं फोन लावला. पलीकडे डॉक्टर कुठल्या तरी किंचाळणाऱ्या मांजरात गुंतलेल्या. हिनं मोडक्यातोडक्या कन्नडात सुई, धागा, गुंडी एवढं सांगितलं. पलीकडून दोन वाक्यं आली आणि फोन बंद झाला.

इकडे नरसिंगरावांच्या हातानं त्याचं काम सुरू केलं होतं. धाग्याचे दोन वेढे तर्जनीला बसलेही होते. तिसऱ्या वेढ्याला ओढायचं, की संपलं, असा त्यांचा हिशेब. अडकलेला धागा सोडवणं हा त्यांचा जन्माचा धंदा, त्यात विचार कसला करायचा?

"मामा," नमिता म्हणाली, "त्या म्हणतायत दार ओढू नका. तसेच या."

बोट थबकलं. "कुठलं दार?"

"शटर असेल. वेळ घालवू नका म्हणत असतील."

नरसिंगरावांनी शटरकडे पाहिलं. लग्नाचे सव्वीस ब्लाउज आत टांगलेले, आणि ही बाई म्हणते शटर उघडं टाकून या. बेचाळीस वर्षांत त्यांनी शटर उघडं टाकलं नव्हतं. डॉक्टरांना त्यांच्या शटराशी काय करायचंय?

"शब्द काय होते ते सांग. कन्नडात."

नमितानं डोळे मिटून आठवलं. "दार एळीबेडी."

दार. कन्नडात दार म्हणजे धागा. सगळं म्हैसूर त्यांच्याकडे दिवसभर दार मागतं, कुणाला केंपु दार, म्हणजे लाल धागा, कुणाला काळा. घरात मराठीत उच्चारला की तोच शब्द उंबऱ्याचा होतो, आणि दुकानाच्या नि घराच्या मधे पडदा तेवढा. नरसिंगरावांनी तर्जनीवरचा एक वेढा सोडवला, मग दुसरा, इतक्या हळू की गुंडीनं मानसुद्धा हलवली नाही.

तेवढ्यात गलका ऐकून वनजाबाई मीठपाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ओकवलं की सुई बाहेर येईल, असं त्यांचं म्हणणं. नरसिंगरावांनी त्यांना हात जोडले, तसंच या म्हटलंय, दुसरं काही नको, आणि दुकानाकडे लक्ष ठेवा असं सांगून ते रिक्षात बसले. शटर उघडंच राहिलं.

जयलक्ष्मीपुरम काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याशी त्यांची ओळख झाली. गुंडीचं डोकं मांडीवर, धाग्याचं टोक उजव्या तळहातावर, तीर्थ घ्यावं तसं. धरायचं नाही, नुसतं पडू द्यायचं. रिक्षा उडाली की बोटं मिटायला बघायची, नि ते ती पुन्हा उघडायचे. वाटेत नमितानं विचारलं की धागा मी सांभाळू का. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. गुंडी त्यांच्याकडे बघत होती.

एक्सरेत सुई जठराच्या तोंडाशी दिसली, टोक वर. धागा जिभेच्या मुळाला अडकलेला. वाणी डॉक्टर म्हणाल्या की ओढला असता तर सुईनं अन्ननलिका फाडली असती. मीठपाणी पाजलं असतं तर ते वेगळं दुखणं झालं असतं. आता भूल देऊन दुर्बिणीनं काढून बघते, नाही निघाली तर पोट उघडावं लागेल. कागदावर सही घेऊन त्या आत गेल्या.

बाकावर बसल्यावर नरसिंगराव कधी नव्हे ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"दोन वेढे घेतले होते गं," ते म्हणाले. "तू दार म्हणालीस म्हणून थांबलो."

"मला तर शटरच वाटलं होतं, मामा. एवढं साधं कळलं नाही मला."

"कळलं नाही तेच बरं. नीट कळून 'धागा ओढू नका' म्हणाली असतीस, तर मी म्हटलं असतं, सुम्ने, गप बस, मला शिंप्याला धाग्याचं शिकवतीस? आणि ओढला असता."

यावर नमिता हसावं की रडावं अशा बेतात असताना धनुषचा फोन आला. वडिलांनी तो तिच्याकडे दिला.

पाऊण तासानं डॉक्टर स्टीलच्या ताटलीत सुई घेऊन बाहेर आल्या. धाग्यासकट. पोट उघडावं लागलं नव्हतं. नरसिंगरावांनी सुईकडे बघितलंही नाही, गुंडी कधी खाईल तेवढं विचारलं. आज काही नाही, उद्यापासून दोन दिवस पेज, मग मऊ भात, थोडा थोडा, असं त्या म्हणाल्या.

दुकान जाग्यावर होतं. वनजाबाई मशीनपाशी ठाण मांडून बसल्या होत्या. सव्वीसही ब्लाउज शाबूत होते, फक्त कुणाच्या मुलीचं माप किती वाढलंय ते गल्लीला कळून चुकलं होतं. तेवढी मजुरी त्यांनी स्वतःच वसूल केली. आता सुया लोहचुंबकावर राहतात, दुकानाला गुडघाभर जाळीचं फाटक आहे, आणि मैसूरपाक खाल्ला की नरसिंगराव आधी साबणानं हात धुतात. खाकी कागदावर बेदाण्यांखाली 'सुई-दोरा' हा शब्द वाढला आहे. सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.

नमिताचं कन्नड आता बरंच पुढे गेलंय, कारण ती गुंडीशी कन्नडातच बोलते. चुकलं तरी गुंडी हसत नाही. सुई काढली त्याच्या चौथ्या दिवशी तिनं फाटकाच्या आत मऊ भाताची वाटी ठेवली. गुंडीनं वास घेतला, थांबली, एक घास चाटला, मग घाईघाईनं सगळी वाटी साफ केली. नरसिंगराव मशीन थांबवून बघत होते.

"साकु?" नमितानं विचारलं. पुरे का, म्हणून.

गुंडीनं रिकामी वाटी नाकानं ढकलत ढकलत तिच्या पायापाशी आणली. डॉक्टरांनी थोडाच द्या म्हटलं होतं, हे दोघांनाही आठवत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नरसिंगराव चमचाभर भात आणायला उठले.